‘त्यांच्या तर रक्तातच धंदा आहे’ म्हणजे नेमकं काय?

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर नवं दुकान थाटलं, की जवळच्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास पडतं : ‘‘त्यांचं काय भो, त्यांच्या तर रक्तातच धंदा आहे.’’ ‘ते’ म्हणजे बहुतेक वेळा सिंधी, मारवाडी, गुजराती, कधी बोहरी. त्याच टपरीवर कुणब्याचा एखादा शिकलेला पोरगा बँकेच्या चकरा मारून दमलेला असतो. बँक त्याला तारण मागते, जामीनदार मागते आणि तीन वर्षांचे रिटर्न मागते. ज्याचं शटर अजून उघडलेलंच नाही, त्याने तीन वर्षांचे रिटर्न आणायचे कुठून? इकडे समोरच्या दुकानदाराचा भाचा इंदूरहून येतो आणि दिवाळीच्या आत गल्ल्यावर बसतो.

रक्ताचा सिद्धांत मांडला की पुढे काही विचारावं लागत नाही, म्हणून तो सगळ्यांना सोयीचा वाटतो. मला तो कधी पटला नाही. त्या भाच्याच्या मागे उभी असते ती नात्यागोत्याची एक यंत्रणा. तिचे भाग सुटे करून बघता येतात, ती कुठे चालते आणि कुठे अडते तेही सांगता येतं.

आधी ‘अल्पसंख्य’ कोण ते ठरवू

कायद्याच्या भाषेत देशात सहा धार्मिक अल्पसंख्य समाज आहेत : मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. भाषेवरून ठरणारे अल्पसंख्य वेगळे. सिंधी माणूस धर्माने बहुतेकदा हिंदू, पण महाराष्ट्रात भाषेने अल्पसंख्य. उद्योजकतेचे अभ्यासक ‘वांशिक अल्पसंख्य’ म्हणतात ते याहून सैल अर्थाने : जिथे राहतो तिथल्या बहुसंख्य लोकांपेक्षा ज्याचं मूळ गाव, भाषा, चालीरीती वेगळ्या, तो. या अर्थाने शिरपूरचा माणूस धुळ्यात बहुसंख्य असतो आणि सुरतेच्या लिंबायतमध्ये अल्पसंख्य. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

दुसरा शब्द ‘सामाजिक भांडवल’. ओळखी, विश्वास आणि एकमेकांची भीडमुर्वत यांतून जे फायदे मिळतात, जे पैसे मोजून सहजी विकत घेता येत नाहीत, ते सामाजिक भांडवल. लेखात यापुढे मी त्याला गोतावळाच म्हणेन.

बाकीची दारं बंद होती

१९४७ साली पंजाब आणि बंगालचे तुकडे झाले, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी निर्वासितांना भारतात आपलं म्हणावं असं राज्यच उरलं नाही. कल्याणजवळच्या छावण्यांचं पुढे उल्हासनगर झालं. खान्देशातही वस्त्या उभ्या राहिल्या. जळगावची सिंधी कॉलनी आणि धुळ्याचं कुमारनगर त्यांतलेच. या लोकांना इथे शेती नव्हती, मराठी येत नव्हती, सरकारी कचेरीत कोणी ओळखीचं नव्हतं. शेतीचं दार बंद, नोकरीचं जवळपास बंद. उघडी राहिली ती बाजाराची वाट, कारण ठेल्यावर कापड विकायला सातबारा लागत नाही.

इथे कोणी म्हणेल, पण ते तर मुळातले व्यापारीच. काही होते. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या एकेकाळी बुखाऱ्यापर्यंत चालत आणि मुंबईच्या बाजारात ‘मुलतानी’ सराफांचा दबदबा होता. पण सिंधी समाजात अमील नावाचा मोठा वर्ग होता, तो पिढ्यान्‌पिढ्या सरकारी कारकुनी आणि अंमलदारीत मुरलेला. जमीनदार होते, मास्तर होते. फाळणीनंतर त्यांच्यातलेही कित्येक फूटपाथवर बसून विकायला लागले. रक्तात कारकुनी असलेल्या माणसाला पोटाने व्यापार शिकवला, आणि शिकताना हात धरायला आधी बसलेला कोणी ना कोणी नातेवाईक होता.

जगभर हेच दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये गेलेल्या लोकांना बँका घरकर्ज द्यायला तयार नसत. त्यांनी ‘पार्डनर’ नावाची आपली जुनी पद्धत तिकडे नेली आणि त्या पैशातून घरं घेतली. पार्डनर म्हणजे आपली भिशीच. कोरियन लोकांत तिला ‘के’ म्हणतात, इथिओपियात ‘इक्कूब’.

भिशी आतून बघू

समजा, वीस दुकानदारांनी दरमहा ५ हजारांची भिशी लावली. महिन्याला १ लाख जमतो. चिठ्ठ्या टाकून नंबर काढायची साधी पद्धत सगळ्यांना माहीत असते. धंदेवाल्यांत मात्र लिलावाची भिशी जास्त चालते. रात्री दुकानं बंद झाल्यावर कोणाच्या तरी गोडाऊनमध्ये सतरंजीवर बैठक बसते. ज्याला पैशाची निकड आहे तो म्हणतो, मी ९० हजारांत उचलतो. दुसऱ्याला त्याहून निकड असते, तो ८८ म्हणतो. बोली ८५ हजारांवर थांबते. उचलणाऱ्याला ८५ हजार मिळतात, उरलेले १५ हजार वीस जणांत वाटले जातात, माणशी ७५०. म्हणजे त्या महिन्याला प्रत्येकाच्या खिशातून प्रत्यक्षात ४,२५० रुपयेच गेले.

आता गंमत बघा. पहिल्या महिन्यात उचलणारा हा कर्जदार असतो. शेवटपर्यंत थांबणारा हा ठेवीदार असतो. त्याला दर महिन्याची वाटणी मिळत राहते आणि शेवटी जवळपास पूर्ण रक्कम हाती येते. व्याजाचा दर कोणी ठरवत नाही, निकडीवरून तो आपोआप ठरतो. सिझन तोंडावर असला की बोली खाली घसरते, पावसाळ्यात धंदा थंड असला की कोणी उचलायला तयार नसतं. तारण नाही, फॉर्म नाही, मॅनेजरची सही नाही.

आणि म्हणूनच कायद्याचं पाठबळही नाही. १९८२ चा चिट फंड कायदा नोंदणी मागतो, गल्लीतल्या भिशीची सहसा कुठेच नोंद नसते. ज्याने पहिल्याच महिन्यात ८५ हजार उचलले, त्याने पुढचे १९ हप्ते भरलेच नाहीत तर? कागदावर त्याला धरायला काही नाही. तरी तो भरतो. का भरतो, हे कळलं की सगळी यंत्रणा कळते. त्याआधी पैशाखेरीज गोतावळा आणखी काय देतो ते बघू.

उधारी, बातमी आणि बसायला जागा

नवं दुकान फक्त भांडवलावर उभं राहत नाही. ठोक व्यापाऱ्याने तीस-पंचेचाळीस दिवसांच्या उधारीवर माल दिला, तर २ लाखांच्या भांडवलात ६ लाखांचं दुकान दिसतं. अनोळखी माणसाला तो रोखीने देतो, तेही उरलासुरला माल. फोन आला की ‘माझ्या साडूचा मुलगा येतोय’, तर भाव, माल आणि मुदत तिन्ही बदलतात.

बातमीचंही तसंच. कोणत्या मिलने भाव पाडला, कोणाचा चेक परत गेला, कोणतं दुकान पागडीवर निघणार आहे, हे कुठे छापून येत नाही. लग्नाच्या पंगतीत, तेराव्याला, देवळाच्या पायरीवर ते कळतं. कलकत्त्यात मारवाडी पोरांसाठी ‘बासा’ असत : गावाकडून आलेल्या मुलाला जेवायला आणि पथारी टाकायला जागा. तिथे राहून तो एखाद्या गादीवर उमेदवारी करायचा, वहीखातं शिकायचा, मग कोणाच्या तरी आधाराने स्वतःचं बस्तान बसवायचा. हा एक फुकटचा धंद्याचा कोर्सच होता.

खान्देशात हे जवळून बघायचं असेल, तर जळगावच्या सराफ बाजारामागच्या बोळांत जावं. सोन्याचं जळगाव म्हणतात, पण बराचसा दागिना घडतो तो बंगाली कारागिरांच्या हाती. एका खोलीत सहा-सात जण खाली बसून काम करतात, प्रत्येकापुढे लाकडी ठोकळा, त्यावर चिमटे आणि कानस. खाली पडलेला कण न्‌ कण गोळा होतो. झाडलोटीचा कचरासुद्धा जपून ठेवतात, कारण त्यात सोनं असतं. सराफ सकाळी वजन करून सोनं देतो, दागिना झाला की पुन्हा वजन, मध्ये ठरलेली घट आणि मजुरी. आता विचार करा : इतक्या लांबून आलेल्या, भाषा न येणाऱ्या पोराच्या हाती लाखोंचं सोनं द्यायचं कसं? कोणी देतही नाही. नवा पोरगा आधी काकाच्या किंवा गाववाल्याच्या हाताखाली बसतो. वर्षानुवर्षं इथे टिकलेला जुना कारागीर सराफाला सांगतो, ‘हा माझा’. त्या दोन शब्दांत जामीनपत्र आलं. सोनं घेऊन कारागीर पसार झाल्याच्या बातम्या येतात तेव्हा बाजारात सगळ्यांत आधी विचारलं जातं, ‘याला आणला कोणी होता?’

मग पळून का जात नाही?

भिशीवाल्याचं उत्तर इथेच आहे. त्याने हप्ते बुडवले तर पोलीस येणार नाहीत कदाचित, पण बैठकीतल्या वीस जणांपैकी एक त्याचा ठोक व्यापारी असतो, एक त्याच्या बहिणीचा दीर असतो, एक समाजाच्या मंडळाचा सचिव. उद्या मुलीचं स्थळ बघायचंय. परवा दिवाळीचा माल उधारीवर आणायचाय. ८५ हजारांसाठी हे सगळं जाळायला कोणी वेडा लागतो. अल्पसंख्य समाजात हे जास्त कडक चालतं, कारण पळून जाणार कुठे? उल्हासनगर असो की इंदूर, धंदा करायचा तर समाज तोच, आणि नाव आधी पोहोचलेलं असतं.

म्हणून मला ‘ते लोक एकमेकांना फार मदत करतात’ हे कौतुक अर्धवट वाटतं. प्रेम असेल, असतंच. पण यंत्रणा प्रेमावर चालत नाही. ती चालते ती नाव जाण्याच्या धाकावर.

हा धाक लहान वर्तुळातच लागू पडतो, हेही लक्षात घ्यावं. गेल्या दोन दशकांत जळगाव जिल्ह्यातल्या अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि ठेवीदार अडकले. तिथेही लोकांनी पैसा ठेवला होता तो ‘आपला माणूस आहे’ म्हणूनच. पण हजारो ठेवीदारांच्या गर्दीत संचालकाला कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवायची वेळ येत नाही. भिशीतला धाक संपलेला आणि बँकेवरचा पहारा अजून आलेला नाही, अशी ती मधली, सगळ्यांत धोक्याची जागा.

‘पण आपल्याकडेही भाऊबंदकी आहेच की!’

हा आक्षेप खान्देशात हमखास येतो, आणि त्यात दम आहे. श्रावणात कानबाई ही खान्देशची देवी बसते तेव्हा सबंध भाऊबंद एकत्र येतात. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी माणसांच्या हिशेबाने गहू घेतला जातो, पुण्या-मुंबईला गेलेलाही त्या रविवारी गाव गाठतो. आपल्याकडे गोतावळा कमी आहे असं कोण म्हणेल? मग त्यातून दुकानं का उभी राहत नाहीत? यावर ठरलेलं उत्तर म्हणजे खेकड्याची गोष्ट, मराठी माणूस मराठी माणसाचा पाय ओढतो. ती गोष्ट ऐकून ऐकून कान किटले, आणि ती काही समजावतही नाही.

माझ्या मते खरं कारण नकाशात आहे. शेतकऱ्याचा सगळा गोतावळा एकाच शिवारात, फार तर एकाच तालुक्यात. २०१७ साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली तेव्हा भावाची गेली, चुलत्याची गेली, मेव्हण्याचीही गेली. ज्याच्याकडे उसने मागायला जायचं त्याचंच घर उघडं पडलेलं. एकाच शिवारातल्या विहिरींसारखं हे : दहा विहिरी असल्या तरी पाणी एकाच झऱ्याचं, आटल्या की सगळ्या एकदम आटतात. व्यापारी कुटुंबाचं तसं नसतं. एक भाऊ जळगावला, एक अकोल्याला, मावसा सुरतेला, धंदेही वेगवेगळे. इथे मंदी असेल तेव्हा तिथे तेजी असू शकते, आणि पैसा तिकडून इकडे सरकतो.

दुसरं कारण जमिनीचं. भावाचा हिस्सा वाढला तर माझा कमी होतो. बांध इकडे सरकला तर तिकडचा चिडणारच. व्यापाऱ्याच्या भावाने दुसऱ्या गावात दुकान वाढवलं तर याचं काही जात नाही, उलट याची पत वाढते. भांडणं तिथेही होतात. गादीच्या वाटण्यांवरून भाऊ भावाचं तोंड बघत नाही अशी घरं प्रत्येक पेठेत आहेत. पण रोजचा व्यवहार माणसाला भांडायला लावतो की जुळवून घ्यायला, याने फरक पडतो.

आणि रक्ताच्या सिद्धांताला छेद द्यायला सुरतेइतकं चांगलं ठिकाण नाही. भुसावळ-सुरत लोहमार्गावर अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार इथून पिढ्यान्‌पिढ्या माणूस सुरतेला गेला, आधी मागावर आणि मिलमध्ये मजुरीला. उधना, लिंबायत, डिंडोली भागांत आज खान्देशी वस्ती इतकी आहे, की हे भाग येतात त्या नवसारी लोकसभा मतदारसंघातून मूळचे जळगाव जिल्ह्यातले सी. आर. पाटील २००९ पासून निवडून येत आहेत. तिथे आपला माणूस काय करतो? अगदी तेच, जे सिंधी माणूस जळगावात करतो. नवा पोरगा आला की पहिला प्रश्न, ‘‘कोना पोऱ्या शे रे तू?’’ बापाचं आणि गावाचं नाव सांगितलं की राहायला खोली आणि कामाला जागा मिळते. मग कोणी साड्यांना लेस लावायचं काम घरोघर वाटायला घेतो, कोणी चार माग भाड्याने चालवतो. बिबडे, कळण्याचं पीठ, शेवभाजीचा मसाला विकणाऱ्याला तर गिऱ्हाईक शोधायलाच जावं लागत नाही, वस्तीच त्याचं गिऱ्हाईक असते. भिशी आहे, मंडळ आहे, कानबाईही आहे.

गाव सोडून तीनशे किलोमीटर गेल्याने कोणाचं रक्त बदलत नाही. बदलली ती परिस्थिती : अंगाखाली जमीन राहिली नाही, भोवती परकी भाषा आली, आणि भाऊबंद बांधावरचा शेजारी न राहता परमुलखातला आधार झाला.

‘ही तर शुद्ध वशिलेबाजी’

आहेच. साडूच्या मुलाला मिळालेली उधारी म्हणजे दुसऱ्या कोणाला न मिळालेली उधारी. गोतावळा आतल्याला जितका ऊबदार, तितका बाहेरच्याला बंद. खान्देशातल्या शेतकऱ्याने आणि आदिवासीने सावकाराच्या वहीचा जो अनुभव घेतला, तो या यंत्रणेला बाहेरून बघण्याचाच अनुभव होता. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी मारवाडी-गुजराती सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागेही हेच होतं : धाक आतल्यांना आतल्यांचा असतो, बाहेरच्याशी वागताना तो लागू नसतो.

आतल्यांनाही किंमत मोजावी लागते, आणि ती सगळ्यांत जास्त बायका मोजतात. दुकानाच्या मागच्या खोलीत पापड लाटणारी सून, हिशेब टिपणारी मुलगी यांचा पगार कोणत्याच वहीत नसतो. ‘घरचेच लोक आहेत’ या तीन शब्दांत कित्येक दुकानांचा नफा दडलेला असतो. ज्या पोराला गल्ल्यावर बसायचंच नाही, चित्रकला शिकायची आहे, त्यालाही गोतावळा सुटू देत नाही.

तिसरी किंमत जरा अनपेक्षित आहे. अभिजित बॅनर्जी आणि कैवन मुन्शी या अर्थशास्त्रज्ञांनी तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या बनियन-टीशर्ट उद्योगाचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. तिथे गौंडर हा स्थानिक, जमीनदार, पैसेवाला समाज. त्याच्या उद्योजकांना आपल्यांतून भांडवल सहज मिळायचं. बाहेरून आलेल्यांना कमी मिळायचं. गौंडरांनी सुरुवात मोठ्या भांडवलावर केली, पण बाहेरच्यांची निर्यात वेगाने वाढत काही वर्षांत त्यांच्या पुढे गेली. पैसा जिथे चांगला चालेल तिथे जाण्याऐवजी जिथे नातं आहे तिथे गेला होता. इथे गोतावळा असलेला समाज स्थानिक होता आणि पुढे गेले ते परके, हे मुद्दाम लक्षात ठेवावं. सोपा पैसा कोणालाही सुस्तावतो.

नात्याबाहेरच्या ओळखी

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका गावात, ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना विचारलं : ज्याने नोकरीचं सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? १९७३ साली त्याने मांडलेलं उत्तर असं होतं, की जवळपास ५६ टक्क्यांना ते कधीमधी भेटणाऱ्याकडून कळलं, २८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून, आणि नेहमी भेटणाऱ्याकडून जेमतेम १७ टक्क्यांना. कारण साधं आहे. जिवलगाला जे माहीत ते मला आधीच माहीत असतं. नवी बातमी लांबून येते.

धंद्यातही सुरुवात घट्ट नात्यावर होते, वाढ मात्र सैल ओळखींवर. खान्देशातच दोन उदाहरणं आहेत. जामनेर तालुक्यातल्या वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ साली जळगावात हातगाडीवर रॉकेल विकायला सुरुवात केली. भांडवल ७ हजार रुपये, घरातल्या तीन पिढ्यांची शिल्लक. इथवर गोतावळा. पण १९७८ मध्ये केळीच्या पावडरीचा बंद कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन हे पाचक द्रव्य काढायचं, पुढे ठिबकच्या नळ्या शेतकऱ्यांच्या गळी उतरवायच्या, हे काम नातेवाइकांच्या पैशावर आणि गिऱ्हाइकीवर होणारं नव्हतं. तिथे परका शेतकरी, परकी बँक, परदेशी खरेदीदार लागतो.

दुसरं अमळनेर. कच्छी मूळ असलेल्या प्रेमजी कुटुंबातल्या मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी १९४५ च्या डिसेंबरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स काढली, आणि अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला. त्याचंच पुढे विप्रो झालं. कंपनीचे शेअर अमळनेरच्या स्थानिक लोकांनीही घेतले, आणि ज्यांनी ते विकले नाहीत त्यांच्या घरांचं काय झालं हे तालुक्यात कोणालाही विचारा. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण पैसा गावाचा. अशी देवाणघेवाण आपल्याकडे टपरीवरच्या गप्पांत येत नाही, कारण ती रक्ताच्या गोष्टीत बसत नाही.

ज्यांचा गोतावळा बाजारापर्यंत पोहोचतच नाही

सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे उन्हाळ्यात आंब्याच्या फोडी वाळवून आमचूर करतात. पावरा किंवा भिल कुटुंबातल्या सगळ्यांचे हात त्यात राबतात. मदतीची रीत तिथे कोणा व्यापारी समाजापेक्षा कमी नाही; एकमेकांच्या शेतात मजुरीविना राबायला सगळा पाडा येतो. पण आमचूर शेवटी ज्या बाजारात जातो तिथे या पाड्याचा कोणी मावसभाऊ बसलेला नाही. आज भाव काय फुटला हे व्यापाऱ्याला कळतं, पोतं आणणाऱ्याला कळत नाही. पुन्हा एकाच झऱ्याच्या विहिरी.

तारणाचीही अडचण आहे. महाराष्ट्रात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही. शहादा-तळोद्याकडे जमिनी कशा गेल्या होत्या आणि सत्तरच्या दशकात त्यासाठी केवढी आंदोलनं झाली हे ज्यांना माहीत आहे, ते या कायद्याला बोट लावू देणार नाहीत. मीही देणार नाही. पण सहजी विकता न येणारी जमीन बँकेला तारण म्हणून आवडत नाही, हेही खरं.

म्हणून सरकार मध्ये पडतं. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. बचत गट म्हणजे पासबुक असलेली भिशीच म्हणा ना. २०१५ च्या मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंतचं कर्ज विनातारण ठरलं. २०१६ च्या स्टँड-अप इंडियात अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी १० लाख ते १ कोटींची सोय आली. या योजनांना नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. पण गोतावळा चार गोष्टी देतो : पैसा, उधारी, बातमी आणि जामीन. योजना त्यातली पहिली देते. मुद्राचं कर्ज घेऊन धडगावात किराणा टाकलेल्या पोराला नंदुरबारचा ठोकवाला माल रोखीनेच देणार असेल, तर त्याची लढाई एक हात बांधून चालू आहे.

उरलेल्या तीन गोष्टी ठरवून उभ्या करता येतात, हे दलित उद्योजकांनी दाखवलं. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री काढली : मोठ्या खरेदीदाराशी गाठ घालून देणं, टेंडरची बातमी पोहोचवणं, बँकेत शब्द टाकणं. जन्माने न मिळालेला मावसभाऊ संस्था म्हणून बनवायचा. सातपुड्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी नुसतं खत वाटप न करता ठोक बाजारात आपला माणूस बसवला, तर आमचुराच्या भावाचं चित्र पालटेल असं मला वाटतं.

वहीतलं नाव की फोनमधलं?

या सगळ्याला आता नवं वळण लागलंय. टपरीवालासुद्धा यूपीआयवर पैसे घेतो, दुकानदार २०१७ पासून जीएसटीचे रिटर्न भरतो. म्हणजे ‘हा माणूस रोज किती विकतो आणि पैसे वेळेवर देतो का’ ही जी गोष्ट आजवर फक्त गोतावळ्याला माहीत असायची, ती बँकेच्या कॉम्प्युटरला दिसायला लागली आहे. टपरीवरच्या त्या पोराला याचा फायदा होऊ शकतो. फक्त त्यासाठी आधी काही महिने धंदा करून दाखवावा लागेल, आणि पहिला माल कोणाच्या तरी शब्दावरच उचलावा लागेल.

उधारीतही कायदा शिरला आहे. प्राप्तिकर कायद्यात ४३ बी कलमाखाली २०२३-२४ पासून नवी तरतूद आली : सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे चुकवायचे, न चुकवल्यास प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळणार नाही. लहान पुरवठादाराला आधार म्हणून केलेली ही तरतूद. पण पहिल्याच मार्चअखेरीस देशभरातून उलट तक्रारी आल्या. मोठे खरेदीदार नोंदणी नसलेल्याकडे वळतील या भीतीने काही पुरवठादार आपली उद्यम नोंदणीच (लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद) रद्द करण्याच्या गोष्टी करू लागले. दोन-दोन, तीन-तीन महिन्यांची उधारी ज्या बाजारात शब्दावर चालत आलीय, तिथे दिवस मोजणारा पुरवठादार लोकांना परका वाटतो. आणि ज्याच्या मागे गोतावळा नाही, त्याला परकं ठरणं परवडत नाही.